बेटाडी अ गटात गेली

आमच्या घरात कबड्डीला कुणी खेळ म्हणत नसे. दादा संध्याकाळी मैदानावरून घामाने निथळत आला की आई चुलीपुढून विचारायची, "झालं काम?" आणि दादा म्हणायचा, "झालं." यात कुणाला गंमत वाटत नव्हती. आमच्या बाजूला शिकलेला पोरगा एसटी स्टँडपर्यंत पोचायचा आणि कबड्डी खेळणारा कंपनीच्या गेटच्या आत जायचा, हे गावाने आपल्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. कंपन्यांचे संघ असत, संघांना खेळाडू लागत, आणि एकदा निवड झाली की कायमची नोकरी, गणवेश, कँटीनचं जेवण, सगळंच मागोमाग येई. निवड करणारे साहेब हिवाळ्यात जिल्हाभर फिरत, पण सामने बघत ते फक्त अ गटाचे. ब गटात कुणी कितीही चांगला खेळला तरी तो अंधारात नाचल्यासारखा. आमचं नांदखारचं मंडळ अ गटात होतं, दादा त्याचा कप्तान होता, आणि कंपनीच्या वयाच्या अटीप्रमाणे ते त्याचं शेवटचं वर्ष होतं. आमच्या घराची एवढीच परिस्थिती होती.

अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, मिठागर बंद पडलं तेव्हा ते काही दिवस ट्रकवर गोणी चढवायला गेले आणि तिथे पाठीतून जे बसले ते उठलेच नाहीत म्हणायला हरकत नाही. पडवीत बाजेवर बसून ते दिवसभर रेडिओची सुई इकडून तिकडे करत. घरात आवाज तसे मोजकेच. तो खरखरणारा रेडिओ, आईच्या हाताखाली परातीत थापली जाणारी तांदळाची भाकरी, आणि सकाळी दादाचा दम. दादा विहिरीवरून दोन हातांत दोन कळशा घेऊन निघायचा आणि विहिरीपासून पडवीपर्यंत एका दमात कबड्डी-कबड्डी म्हणत यायचा. तो आवाज आधी चिंचेखालून यायचा, मग गोठ्यामागून, मग अंगणातून, आणि कळशी खाली टेकल्यावरच थांबायचा. तोवर घरात कुणी बोलायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता. आई तवासुद्धा वाजू द्यायची नाही. त्या वर्षी तो आवाज कधीकधी गोठ्यामागेच तुटायला लागला होता. दम कमी झाला नव्हता, डावा गुडघा दुखायचा आणि पाऊल चुकलं की श्वास सुटायचा. आम्ही तिघांनीही ते ऐकलं होतं, आणि तिघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं.

घराच्या बाजूला आमचं लहानसं तळं होतं. त्यात जिताडे. जिताडा हा आमच्याकडे रोजच्या जेवणातला मासा नव्हे, तो जावयाला, व्याह्याला आणि साहेबाला. आईने एक मोठा जिताडा किती वर्षं जपला होता. कुणी मागितला तरी ती म्हणायची, "त्यो महेसच्या नोकरीच्या जेवणाचा." महेस म्हणजे दादा. संध्याकाळी ती तळ्यात भाताचा कोंडा टाकायची आणि तो वर यायची वाट बघायची. मी लहानपणापासून व्यवस्थेची माणूस, त्यामुळे त्या जेवणाला कोण कोण बोलवायचं, पानं कुठे मांडायची, भाकऱ्यांना कुणाला हाताशी घ्यायचं, हे सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं. आता पेणला एका मंगल कार्यालयाची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे आणि पाचशे पानांची पंगत मी न ओरडता उठवते, पण पहिली पंगत मी आखली ती ही, आणि ती कधी बसली नाही.

खाडीच्या पलीकडे बेटाडी. आमच्यासारखंच खारेपाटातलं गाव, म्हणजे भरतीच्या पाण्यापेक्षा खाली वसलेलं, मातीच्या बांधाने समुद्र अडवून भात पिकवणारं. आम्ही त्यांना खेकडे म्हणायचो, कारण त्यांचे खेळाडू वाकून पायच धरायचे. ते आम्हाला बगळे म्हणायचे, कारण आम्ही अ गटात मान वर करून उभे असायचो आणि मासा दुसऱ्यानेच नेलेला असायचा. मी बगळ्यांतली सगळ्यात मोठ्या आवाजाची. मैदानावर बायकांची बाजू वेगळी असे, आणि त्या बाजूच्या आरोळ्या कोणत्या, कधी आणि कुणी द्यायच्या हे मीच ठरवायचे. त्या हिवाळ्यात आम्ही अ गटात तळाला राहिलो आणि बेटाडी ब गटात पहिली आली. नियम सोपा होता. दोघांचा एक सामना, आमच्या मैदानावर. जिंकेल तो वर, हरेल तो खाली. साहेब त्यानंतरच्या आठवड्यात अ गटाचे सामने बघायला येणार होते.

सामना पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ठेवला होता. त्या दिवशी उजाडताच पलीकडून पत्र्याचा डबा वाजायला लागला. डबा वाजला म्हणजे बांधाला खांड पडली, बांध फुटला. पौर्णिमेच्या उधाणाने बेटाडीचा बांध रात्रीतून फुटला होता आणि खारं पाणी शेतात घुसत होतं. एकदा शेतात खार बसली की दोन-तीन वर्षं तिथे गवत उगवत नाही. म्हणून आमच्या पट्ट्यात एक रीत होती, आणि ती भांडणाच्या वर होती. खांड कुणाच्याही गावाची असो, डबा ऐकू गेलेल्या प्रत्येक गावाने घरटी एक माणूस पाठवायचा. मागे आमचा बांध फुटला तेव्हा बेटाडीची माणसं आमच्या आधी पोचली होती, असं अण्णा सांगायचे.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष गजानननाना अंगणात येऊन उभे राहिले. मफलर डोक्याला, हातात दातण. म्हणाले, "महेस जानार न्हाय. एक बी खेळाडू जानार न्हाय. ज्येच्या घरात दुसरा मानूस न्हाय त्येनं सांगावं, मी बघतो."

"नाना, रीत हाय," अण्णा बाजेवरून म्हणाले.

"रीत हायच की. रीत म्हनते घरटी एक मानूस. पोरगी मानूस न्हाय काय?" आणि नानांनी माझ्याकडे बघितलं.

मी पदर खोचायच्या वयाची नव्हते, म्हणून ओढणी कमरेला बांधली आणि निघाले.

पलीकडे होडीतून उतरले तेव्हा ओहोटी होती, तरी फुटलेल्या जागेतून पाणी आत-बाहेर करत होतं. दोन बाजूंनी माणसांच्या रांगा लागल्या होत्या आणि चिखलाचे गोळे हातातून हातात जात होते. मी बायकांच्या रांगेत शिरले. कुणी विचारलं नाही कुठल्या गावची. आणि मग मी समोर बघितलं. खांडीच्या तोंडाशी, कमरेएवढ्या पाण्यात, बेटाडीचा संघ उभा होता. आख्खा संघ. संध्याकाळी सामना असलेला. एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून त्यांनी पाण्याला अंगाची भिंत केली होती, आणि त्यांच्या पाठीमागे म्हातारी माणसं खुंट ठोकून पेंढा आणि चिखल भरत होती. पाण्याचा जोर आला की सगळी साखळी एकदम मागे झुकायची आणि एकदम पुढे यायची. कुणी 'हां' म्हणत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. मधोमध उभा असलेला धिप्पाड माणूस त्यांचा कप्तान हिरामण. टोकाला, जिथे पाय ठरत नाही अशा जागी, त्यांचा चढाईपटू बारक्या, नावासारखाच. त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"ए बाय," हिरामणने मला ओळखलं. "तू त्या बगळ्यांतली ना? कप्तानाची भैन? भाऊ कुठं हाय तुजा?"

"घरी हाय," मी म्हटलं.

"झोपला असंल तर उठवू नको. संध्याकाळी आमीच उठवू."

साखळी हसली, आणि हसतानाही तिच्यातला एक हात सुटला नाही. मी चिखलाचा गोळा पुढे दिला. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्याच वेळी माझी नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. मनातल्या मनात मी हिशेब करत होते की यातला कोण थकेल, कोण गारठेल, कुणाचा खांदा आज दुखेल, आणि प्रत्येक हिशेब आमच्या बाजूने येत होता. तरी काहीतरी बरोबर येत नव्हतं. दुपारची भरती चढायच्या आत खांड बुजली. ते बाहेर आले तेव्हा त्यांचे हात कोपरात तसेच वाकलेले राहिले होते, उघडायला वेळ लागला.

मी घरी पोचले तर स्वयंपाकघरात नाना. दुसरी रीत अशी की पाहुण्या संघाला यजमान गावाने जेवू घालायचं, आपल्या एकेका खेळाडूच्या घरी त्यांचे दोन-दोन, आणि कप्तान कप्तानाच्या घरी. नाना चुलीपाशी वाकून आईला हळू आवाजात सांगत होते, "वयनी, आज हात आखडायचा न्हाय. सकाळपास्नं उपाशी हायत ते. पोटभर घाला, पोटाच्या वर घाला. वडे करा, खीर करा. ज्येला उठता येनार न्हाय त्येला पळता कसं येईल?" गावातल्या सगळ्या घरांना हाच निरोप गेला होता.

नाना गेल्यावर आई मागच्या दाराने तळ्यावर गेली. मी मागून गेले तेव्हा ती जाळं टाकून उभी होती.

"आये, तो न्हाय," मी म्हटलं. "तो नोकरीचा हाय."

"नोकरीच्याच कामाला चाललाय," आई म्हणाली. जिताडा जाळ्यात आला तेव्हा तिने तोंड फिरवलं नाही, पण कापायला मला सांगितलं. आईने मासा दुसऱ्याला कापायला दिलेला मी त्याआधी बघितला नव्हता.

हिरामण आणि बारक्या आले ते पाय धुऊन, तरी पोटऱ्यांवर चिखलाची पांढरी रेघ वाळलेली होती. अण्णा बाजेवरून त्यांना या-बसा करत होते. पानं मांडली. एका बाजूला पाहुणे, समोर दादा. जिताड्याचं आमसूल घातलेलं लाल कालवण, तळलेल्या तुकड्या, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, वर वडे, शेवटी नारळाच्या रसातली खीर. हिरामणने पहिला घास घेतला आणि थांबला.

"काकी, येवढा जिताडा? कुनाचं लगीन हाय काय घरात?"

"तुमच्यासाटीच राखलेला, बाबा. खा."

आणि तो खायला लागला. मी आयुष्यात खूप जेवणारे बघितले, तो माझा धंदाच आहे, पण तसा जेवणारा पुन्हा बघितला नाही. त्यात हावरेपणा नव्हता, सकाळपासून पाण्यात उभं राहिलेलं शरीर आपलं देणं वसूल करत होतं. भाकरीमागून भाकरी. आई वाढत होती आणि मी तिच्या हातात परात देत होते. पाचव्या का सहाव्या भाकरीला माझं लक्ष दादाकडे गेलं.

पाहुणा जेवत असताना यजमानाने हात थांबवायचा नाही आणि त्याच्या आधी पानावरून उठायचं नाही, ही आमच्याकडची सगळ्यात जुनी रीत. पाहुण्याला एकटं जेवायला लावणं म्हणजे त्याला भिकारी म्हणणं. नानांनी डाव रचला, आख्ख्या गावाने तो ऐकला, घराघरात वडे तळले गेले, आणि पाहुण्यासमोर कोण बसणार आहे हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. ज्यांनी जन्मात कधी पंगतीत उभं राहून वाढलं नाही, त्यांचाच तो डाव होता. दादा हिरामणच्या समोर बसून भाकरीला भाकरी मोडत होता. कपाळावर घाम. मी आईकडे बघितलं. तिलाही तेव्हाच कळलं होतं. तिने परात मागे घेतली.

"काकी, हात का थांबला?" हिरामण हसत म्हणाला. "बगळ्यांच्या घरचं पैल्यांदाच खातोय. आजून एक द्या. महेसला बी द्या. काय रं, दमला काय?"

"न्हाय," दादा म्हणाला. "तू खा. मी हाय." त्याने डावा पाय हळूच पसरला, कारण त्याला मांडी घालून एवढा वेळ बसवत नव्हतं. गुडघ्याची पट्टी कमरेच्या पंच्याखालून दिसली. हिरामणने ती बघितली. मी त्याला बघताना बघितलं, आणि मनात म्हटलं, संपलं.

बारक्या मात्र थोडंच जेवला. त्याने आईला विचारून उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून घेतल्या. "आय बांधावर बसलीय राखनीला. सकाळपास्नं चा बी न्हाय तिला." आईने त्यावर दोन तुकड्या ठेवल्या. जो डाव आपल्यावर उलटलाय तो आता कुठल्या तोंडाने मागे घ्यायचा, हे तिला कळत नव्हतं, आणि मलाही नाही.

मैदान म्हणजे आमच्या गावाबाहेरचं कापलेलं शेत, माती चाळून, शेणपाण्याने सारवून, पायांनी तुडवून टणक केलेलं. अण्णांना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. मी बायकांच्या बाजूला पुढे उभी राहिले आणि आरोळी सुरू केली. पहिली चढाई दादाची. तो रेषेवर गेला, मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि दम धरला. विहिरीपासून पडवीपर्यंत येणारा तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. तो समोरच्या अंगणात शिरला, उजवीकडे झेप घेतली, आणि मध्येच आवाज तुटला. पोटातून उचकीसारखं काहीतरी आलं. पंचांनी शिट्टी मारली. दम गेला, गडी बाद. कुणी धरलेलं नसताना.

मी आरोळी द्यायची विसरले. पाठोपाठ आमच्या दुसऱ्या चढाईपटूचं तेच. तिसरा गेला तो अर्ध्यातूनच पोटाला हात लावून परत आला. लोक हसायला लागले. आमच्याच बाजूचा कुणीतरी ओरडला, "काय वडे जड झाले काय रं?" आणि नाना मफलरमध्ये तोंड लपवून उभे होते. समोर बेटाडीवाल्यांना चढाईची फारशी गरजच नव्हती. चढाईला एकटा बारक्या यायचा, रिकाम्या पोटाचा, पाण्यावर पळणाऱ्या किड्यासारखा, आणि उरलेले फक्त उभे राहायचे. हातात हात घालून, साखळी करून. सकाळी होते तसेच. आमचा गडी आत शिरला की साखळी एकदम मागे झुकायची, तो आणखी आत यायचा, आणि मग ती एकदम पुढे यायची. पाणी असो की माणूस, त्यांना एकच रीत ठाऊक होती. मी ती सकाळी हातभर अंतरावरून बघितली होती. मला आधीच दिसायचं की आता धरणार, आता मिटणार, आणि मी घसा फोडून ओरडायचे, "दादा, मागं ये!" पण ओरडणं अर्ध्यातच थांबायचं, कारण ती मिटताना इतकी सुंदर मिटायची. हे मी आत्ता लिहू शकते. तेव्हा मला स्वतःचीच शिसारी आली होती. माझ्या भावाचं आयुष्य त्या मातीवर संपत होतं आणि माझे डोळे त्याला धरणाऱ्यांवर होते.

मध्यंतरानंतर आमची पोटं थोडी हलकी झाली. दादाने दम परत मिळवला. एका चढाईत दोन गडी आणले, पुढच्यात एक. अण्णा खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून पुढे झुकले होते. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती कधीच मैदानावर येत नसे. आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसायला लागली, जी एकदा दिसल्यावर दिसेनाशी होईना. बेटाडीचे खेकडे, पाय धरणारे, पकडीत दरवेळी दादाचा उजवा पाय धरत होते. डावा समोर आला, अगदी हातात आला, तरी सोडत होते. बारक्या तर एकदा डाव्या पायाशीच पडला होता, त्याने हात आखडून घेतला आणि त्या चढाईत दादा निसटला. त्यांचा गुण गेला. पट्टी त्यांनी बघितली होती. हिरामणने सगळ्यांना सांगितलं असणार.

"आये," मी म्हटलं, "ते डावा पाय धरत न्हायत."

"बघतेय मी," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "धरतील तर बरं व्हईल. निदान शिव्या तरी देता येतील."

शेवटची चढाई दादाची. दोन गुण हवे होते. समोर चौघे उरले होते, साखळीत, मध्ये हिरामण. दादाचा दम मैदानभर ऐकू येत होता, कारण आता सगळे गप्प होते. आमच्या घरातल्या नियमासारखे. त्याने टोकाच्या गड्याला हात लावला, वळला, मध्यरेषेकडे झेपावला. साखळी मिटली. हिरामणने कमरेला मिठी मारली, बाकीचे वरून आले, आणि दादा त्या ढिगाखालून हात पुढे ताणत राहिला. मातीत त्याची बोटं सरकताना मला दिसली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. बोटं आणि रेषा यांच्यामध्ये वीतभरसुद्धा जागा नव्हती. मग आवाज थांबला. शिट्टी झाली.

बेटाडी अ गटात गेली. त्यांची माणसं मैदानात धावत आली, ढोल सुरू झाला. हिरामणने मात्र दादाला लगेच सोडलं नाही. त्याने एक हात दादाच्या डाव्या गुडघ्याखाली घातला आणि बाळाला ठेवावं तसं त्याला मातीवर बसवलं, मगच तो उठला आणि ओरडत आपल्या लोकांत शिरला. मी गर्दीतून बारक्याला गाठलं. मला भांडायचं होतं. "डावा पाय का न्हाय धरला?" मी विचारलं. "दया दाखवली काय?"

मी वेडी असल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. "दया कसली? ज्या पायाला पट्टी हाय तो धरायला काय अक्कल लागते? असं वर जाऊन काय करायचं, बाय?"

अंगावरची ओढणी मी दोन्ही हातांवर ओढली, आणि त्या ओढणीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी, मी एक टाळी वाजवली.

नोकरी झाली नाही. हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने आशा धरून बसायला नको. साहेब आले, त्यांनी अ गट बघितला, आणि हिरामणला नेलं. दादा पुढे टँकरवर लागला. त्याने त्या टँकरवर घर उभं केलं, माझं शिक्षण केलं, आणि आता गुडघ्याची वाटी बदलून तो पडवीत अण्णांच्या जागी बसतो. अधूनमधून फोनवर सामने बघतो. बेटाडीचा असला तर आवाज मोठा ठेवतो.

पण त्या संध्याकाळी यातलं काही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी फक्त एवढंच माहीत होतं की जिताडा गेला, वर्ष गेलं, आणि दादा भिंतीकडे तोंड करून बसलाय. नाना अंगणापर्यंत आले आणि तसेच परत गेले. आईने खिरीचं पातेलं झाकलं नाही, घासलंही नाही. अण्णांनी रेडिओ लावला नाही. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि या वेळी कुणाचा दम ऐकायचा म्हणून नव्हे. आई एकदाच म्हणाली, "महेस, दोन घास खा," आणि मग तिला स्वतःलाच काय बोललो ते कळून ती आत गेली. दादा हलला नाही. सकाळी मी उठले तेव्हाही तो त्याच भिंतीपाशी होता. विहिरीवरून पाणी मीच आणलं. मुक्याने.

मी कळशा ठेवत होते तेव्हा पलीकडून डबा वाजायला लागला. रात्रीच्या भरतीने काल बुजवलेली खांड पुन्हा सुटली होती. मी ओढणी कमरेला बांधली. अण्णा बाजेवरून म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता, "घरटी एक मानूस. कोन चाललंय आपल्यातनं?"

दादा उठला. त्याने गुडघ्याची पट्टी सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि अंगणातून चालू लागला. मी मागे गेले. मला कुणी जा म्हटलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही. त्या गावात उतरताना लोक त्याच्याकडे बघत होते. कालचा गुलाल अजून काहींच्या कानांमागे होता.

खांडीच्या तोंडाशी बेटाडीचा संघ पाण्यात उतरलेला होता. पाणी कालच्यापेक्षा जोरात होतं आणि साखळी कमी पडत होती, टोकाला बारक्याला उभं राहवत नव्हतं. दादा सरळ पाण्यात शिरला. हिरामणने त्याच्याकडे बघितलं, मग शेजारच्याचा कोपर सोडवून मध्ये जागा केली, आणि दादाने तिथे आपला हात अडकवला. मी बायकांच्या रांगेत चिखलाचा गोळा हातात धरून तशीच उभी होते. मागची बाई म्हणाली, "बाय, पुढं दे की." पाण्याचा मोठा लोंढा आला. सगळी साखळी मागे झुकली, दादासकट.

"महेस!" हिरामण ओरडला. "घट धर! सोडू नको हां!"

कालच्या संध्याकाळपासून दादा पहिल्यांदा बोलला.

"काल तू सोडला व्हता काय मला?"

आणि साखळी एकदम पुढे आली.